भोक नव्हे, गोधडी

कमल गेल्याची बातमी मला मे महिन्यातल्या एका दुपारी शेजाऱ्यांच्या फोनवर कळली. साक्रीहून तिच्या धाकट्या भावाचा फोन होता. "ताई गेली," एवढं म्हणाला आणि पुढे नुसती खरखर... सुट्टी लागल्याबरोबर ती भाचीच्या लग्नाला गेली होती. हळदीच्या मांडवात बायकांमध्ये बसली होती, प्यायला पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत तिनं मान टाकली. मी रिसीव्हर ठेवला तेव्हा मला आधी रडू आलं नाही, राग आला. जूनमध्ये शाळा उघडणार, सातवीला विज्ञान कोण शिकवणार, आणि तिचं ते विज्ञानाचं कपाट कोण उघडणार? माझं हे असंच आहे, रडण्याआधी मला राग येतो. कमल म्हणायची, "शालू, तू मेलीस तरी यमाशी हुज्जत घालून मग जाशील." स्वतः मात्र एका शब्दाची हुज्जत न घालता निघून गेली.

शाळा उघडली त्या आठवड्यात शोकसभा झाली. खरं सांगायचं तर मी हे लिहायला बसले आहे ते त्या शोकसभेमुळे. सुरतेच्या उधन्यातली आमची शाळा मराठी माध्यमाची. मुलं बहुतेक खानदेशातून मिलमध्ये कामाला आलेल्या घरांतली, आणि ट्रस्टचे प्रमुख मात्र गुजराती. त्यांची स्वतःची डाइंग मिल आहे. माणूस वाईट नाही. शाळेचं छत गळायला लागलं तेव्हा त्यांनीच नवे पत्रे घालून दिले होते. तर प्रमुखसाहेब हार घातलेल्या फोटोशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "भामरेबेने बाळकोने ओझोनना गाबडा विशे बहु सारी समज आपी." गाबडं म्हणजे भोक. ओझोनच्या भोकाबद्दल बाईंनी मुलांना फार छान समजावलं! मला वाटलं, फोटोतली कमल आता काचेतून बाहेर येते. आठ-नऊ वर्षं ती बाई घसा फोडून सांगत होती की पृथ्वी तापते ती ओझोनला भोक पडलं म्हणून नव्हे, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एका पोत्यात कोंबू नका... आणि तिच्या शोकसभेत तेच भोक! एवढ्यावर थांबलं नाही. तिच्या नावानं दरवर्षी निबंध स्पर्धा घेणार असं त्यांनी जाहीर केलं, विषय 'ओझोनचे भोक आणि तापणारी पृथ्वी'. टाळ्या पडल्या. मी ताडकन उठून उभी राहिले, "तसं नाहीये" म्हणायला. तर मुख्याध्यापकांना वाटलं, मी दोन मिनिटं शांतता पाळायला उभी राहिले. ते उठले, मग प्रमुखसाहेब उठले, मग अख्खी सभा उभी राहिली आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. आता त्या शांततेत बोलणार काय, कपाळ?

कमल भामरे आमच्या शाळेत आली तेव्हा मी तिथे मराठी शिकवत होते. मी नाशिकची, नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे सुरतेला आलेली. ती मात्र उधन्यातच वाढलेली. वडील साक्रीकडून येऊन लूमवर कामाला लागलेले, आई घरी बसून साड्यांचे दोरे कापणारी. त्या एका खोलीत अभ्यास करून ती बी.एस्सी. झाली, लग्नाच्या भानगडीत पडली नाही, आणि आई गेल्यावरही तीच खोली धरून राहिली. उंच, काटकुळी, केसांत कायम खडूची भुकटी. डब्यात भाकरी आणि ठेचा, आणि तोंडात कुणाची ना कुणाची चूक. बसमध्ये कुणी नुसतं "काय उकडतंय आज" म्हटलं की झालं! ही मागे वळून त्याला पृथ्वीच्या तापमानाबद्दल सांगायला लागायची. मी तिला कितीदा म्हटलं असेल, "अगं, त्या बिचाऱ्याला उधन्याला उतरायचंय, त्याला उतरू दे." त्यावर ती म्हणायची, "उतरेल, पण कळून उतरेल." स्टाफरूममध्ये उन्हाळा सुरू झाला की आम्ही उकाड्याचं नावच काढत नसू, तिच्या भीतीनं.

त्या वर्षांत हा विषय नवा नवा होता. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत यायला लागला होता, आणि कुठल्याही नव्या विषयाचं होतं तसं त्याचं कडबोळं झालं होतं. बाजारातल्या गाईडमध्ये सरळ छापलेलं असायचं, ओझोनच्या थराला भोक पडल्यामुळे सूर्याची उष्णता आत येते आणि पृथ्वी तापते. मुलं ते घडाघडा म्हणायची. त्यांच्या डोळ्यांसमोर चित्रच तयार होतं. वर पत्रा, पत्र्याला भोक, भोकातून ऊन. उधन्यात कुणाच्या घराला असा पत्रा नाही? कमल डोकं धरून बसायची. "भोक समजायला सोपं आहे, म्हणून ते खरं ठरतं का?" मी तिला म्हटलं होतं, जाऊ दे, लहान आहेत, मोठी झाली की कळेल. ती माझ्यावरच उखडली. म्हणाली, "शालू, भोक म्हटलं की ते पडलेलं असतं. कुणी पाडलं, कुणी विचारत नाही. कुणीतरी वर चढून बुजवेल म्हणतात आणि मोकळे होतात."

मग एके दिवशी ती घरून गोधडी घेऊन आली. तिच्या आजीनं शिवलेली, आत जुनी लुगडी घातलेली. वर्गातल्या सगळ्यांत बडबड्या पोरीला खुर्चीवर बसवलं, पंखा बंद केला आणि तिच्या डोक्यावरून गोधडी घातली. मी शेजारच्या वर्गात होते, गलका ऐकून दारात येऊन उभी राहिले. कमल विचारत होती, "गोधडीत विस्तव ठेवलाय का?" मुलं म्हणाली, नाही. "मग ती गरम कशी झाली?"  शेवटी गोधडीच्या आतूनच आवाज आला, "बाई, मीच गरम आहे!" वर्ग हसला. कमल हसली नाही, तिचे डोळे असे चमकले की मला अजून आठवतात. ती म्हणाली, "बरोबर! गोधडी ऊब देत नाही, ऊब धरून ठेवते. पृथ्वी उन्हानं तापते आणि ती उष्णता परत वर सोडते. हवेत काही वायू असे आहेत की ते ती सगळी जाऊ देत नाहीत, थोडी धरून ठेवतात. ती गोधडी मुळातच आहे आणि ती हवीच, नाहीतर आपण सगळे गारठून मेलो असतो. पण आपण कोळसा जाळतो, पेट्रोल जाळतो, आणि त्या गोधडीवर आणखी थर चढवतो." ही उपमा सगळ्या बाजूंनी बसत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं मलाच त्यातले दोष काढून दाखवले होते. पण म्हणायची, निदान ही भोकापेक्षा खरी आहे.

खिडकीतून मिलच्या बॉयलरची धुराडी दिसायची, अजून दिसतात. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते म्हणून आमच्या सगळ्या पालकांची तक्रार. मुलांना वाटायचं, ती काळी काजळी म्हणजेच तो थर. कमल सांगायची, काजळी दिसते आणि खाली पडते. जो वायू दिसत नाही तो वर राहतो, आणि तुमची नातवंडं होईपर्यंत राहतो. पुढे प्रमुखसाहेबांच्या मिलनं धूर गाळायचं काहीतरी यंत्र बसवलं आणि धूर पांढरा दिसायला लागला. ते बक्षीस समारंभात कौतुकानं सांगायला लागले की आता आमच्या मिलमुळे काही तापत नाही. कमल पहिल्या रांगेतून म्हणाली, "साहेब, कोळसा तेवढाच जळतो ना?" मी हळूच तिच्या पायावर पाय दिला. तिनं मोठ्यानं विचारलं, "शालू, पाय का देतेस?" अशा बाईचं काय करायचं!

सुरतेत प्लेग आला, त्याच्या पुढच्या वर्षी ती गोधड्यांची भानगड झाली. प्लेगच्या भीतीनं गावाकडे पळालेली बरीच कुटुंबं परत आली होती, वर्ग पुन्हा भरले होते आणि कमल जोरात होती. तिनं सातवीला गृहपाठ दिला की घरच्या गोधडीत किती थर आहेत ते बघून या. तिच्या मनात काय होतं, तर मुलं गोधडीची कड बघतील, आईला विचारतील, आई सांगेल. खानदेशात वाढलेल्या कुठल्याही पोराला ते कळलं असतं. पण ही पोरं सुरतेत जन्मलेली. गोधडी कशी शिवतात हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. थर मोजायचे म्हणजे ते वेगळे करायला हवेत, असा त्यांनी सरळ हिशेब केला. आई-बाप कामावर गेल्यावर घराघरांतून कात्र्या निघाल्या आणि निम्म्या वर्गानं घरच्या गोधड्या उसवून ठेवल्या!

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बायका आल्या. काखेत गाठोडी, त्यातून लोंबणाऱ्या चिंध्या. पुढे सिंधूबाई, साड्यांना लेस लावायचं काम करणारी, आवाज असा की लूमच्या खडखडाटावरून ऐकू जावा. "बेन, तुमीन काय सांगं पोरेसले? मना पोऱ्यानी बठ्ठी गोधडी उसवी टाकी! मनी सासूनं लुगडं व्हतं आतमा!" सासूचं लुगडं आत होतं, हे साधं दुःख नव्हतं. त्यांच्यात घरातली म्हातारी गेली की तिचं लुगडं टाकत नाहीत, गोधडीत घालतात. जुनी गोधडी फाटली तरी फेकत नाहीत, तिच्यावरच नवा थर घालून पुन्हा टाके मारतात. म्हणजे त्या पोरांनी नुसतं पांघरूण उसवलं नव्हतं, आज्या-पणज्या बाहेर काढून पसरल्या होत्या. मुख्याध्यापक आपल्या खोलीत जाऊन बसले, दार लावून. कमल मात्र पुढे झाली, सिंधूबाईचे दोन्ही हात धरले आणि घरच्या बोलीत म्हणाली, "चुकनं माय, मनंच चुकनं. आपून बठ्ठ्या मिळीसन शिवूत." चूक माझी, आपण सगळ्या मिळून शिवू. ती घरची बोली शाळेत एरवी कटाक्षानं टाळायची, मुलांनी पुस्तकी मराठी बोलावं म्हणून. त्या दिवशी मात्र तिच्या तोंडून दुसरं काही निघालंच नाही.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या घातल्या. बायका सुया-दोरे घेऊन आल्या. मी पण गेले, मला धड टाका घालता येत नाही तरी. उसवलेल्या गोधड्या जमिनीवर पसरल्या होत्या आणि कमल त्यांच्यामधून चालता चालता एकदम थांबली. "शालू, इकडे ये, हे बघ." आतले थर जुने, विरलेले. लुगड्याचा तुकडा, धोतराचा तुकडा, गावाकडचे. ते मोजके. आणि वरचे सगळे सुरतेचे, भडक, चकचकीत, मिलमधून येणाऱ्या चिंध्यांचे. गावाला कापडच मिळायचं नाही, एक थर वाढायला एक पिढी लागायची. इथे चिंध्यांचे ढीग दारात येतात, म्हणून बायका दर दिवाळीला थर घालत होत्या. कमल खाली बसून थर मोजायला लागली. मुलं तिला नेहमी विचारायची की बाई, पृथ्वी तर फार जुनी आहे, मग ती आत्ताच एवढ्या घाईनं का तापायला लागली? ती पुस्तकातलं उत्तर द्यायची, ते तिचं तिलाच कोरडं वाटायचं. आता ते उत्तर समोर पसरलेलं होतं. कोट्यवधी वर्षं जमिनीत पडून राहिलेला कोळसा आणि तेल माणसानं दोन-चार पिढ्यांत उपसून जाळायला काढलं. थर चढतात भराभर, आणि जुना एकही निघत नाही. त्या दिवशी ती इतकी खूश होती की तिनं सगळ्या बायकांना चहा पाजला आणि चहा पिता पिता त्यांना सगळं समजावून सांगितलं, मुलांना सांगायची तसंच.

सिंधूबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं. दोरा दातांनी तोडला आणि विचारलं, "मंग आते वरलं काढी कोन?" वरचं काढणार कोण? दुसरी एक जण म्हणाली, "मील बंद पडनी ते आमीन काय खावानं?" कमल सुई हातात घेऊन बसून राहिली... एरवी कुणाला उत्तर दिल्याशिवाय न सोडणारी बाई! घरी जाताना रस्त्यात तिनं मला सांगितलं, "माझे बाबा अशाच मिलच्या पगारावर मला शिकवत होते. मी कुठल्या तोंडानं सांगू, बंद करा म्हणून? मला उत्तर माहीत नाही, शालू. पण उत्तर माहीत नाही म्हणून कारण खोटं सांगायचं का?" त्या सगळ्या वर्षांत मी तिच्याकडून ऐकलेलं हे एकच वाक्य मला आयुष्यभर पुरेल असं वाटतं.

त्या रविवारी उरलेल्या तुकड्यांतून शाळेसाठी एक गोधडी झाली. ती विज्ञानाच्या कपाटात राहिली, भिंगं आणि परीक्षानळ्यांच्या खालच्या कप्प्यात. दरवर्षी जूनमध्ये नवी सातवी आली की मुलं घरून चिंध्या आणायची, आया येऊन टाके मारायच्या आणि तिच्यावर एक थर चढायचा. कारण त्या वर्षीचा धूरही वर गेलेलाच असायचा. मग कुणाला तरी खुर्चीवर बसवायचं, पंखा बंद करायचा, गोधडी घालायची, आणि शेवटी कमल वर्गाकडे बघून सिंधूबाईचाच प्रश्न विचारायची, "काढणार कोण?" आणि गप्प उभी राहायची. स्वतः कधी हात लावायची नाही. मुलांपैकी कुणीतरी उठून काढेपर्यंत ती तशीच थांबायची.

एवढं करून हाती काय आलं, तर धुपाटणं! एका मंडळाची स्पर्धा परीक्षा होती. त्यात नेमका हाच प्रश्न आला. आमच्या एका मुलीनं वायूंचं, उष्णता धरून ठेवण्याचं, सगळं बरोबर लिहिलं, आणि त्या प्रश्नाला तिला शून्य मिळालं. गाईडमधलं भोक लिहिणाऱ्यांना पूर्ण मार्क. कमलनं परीक्षकांचा पत्ता काढला आणि मला घेऊन थेट कामरेजला त्यांच्या घरी गेली. गृहस्थ सज्जन होते, पाणी दिलं, सरबत दिलं. सगळं ऐकून हसत म्हणाले, "बेन, तुमचं बरोबर असेल. पण गाबडं म्हटलं की बाळकांना झट समजाय, आणि आम्हाला तपासायला पण सोपं." बसस्टॉपवर कमल इतकी लाल झाली होती की मला वाटलं, हिचं काही होतंय की काय. पण खरा घाव त्यानंतर बसला. पुढच्या चाचणीत त्याच मुलीनं भोक लिहिलं. कमलनं तिला जवळ बोलावून विचारलं, तर ती पोर अगदी निरागसपणे म्हणाली, "बाई, गोधडीचं उत्तर खरंखुरं आहे. हे परीक्षेचं आहे."  मुलांना समजलं नाही तर पुन्हा समजावता येतं हो... समजून-उमजून ती खोटं लिहायला लागली, आणि त्याचे मार्क मिळायला लागले, तर शिक्षकानं काय करायचं?

तर त्या बाईच्या नावानं भोकावर निबंध स्पर्धा! मी शोकसभेनंतर प्रमुखसाहेबांना भेटले, शांतपणे सांगितलं की विषय चुकीचा आहे, बदला. ते म्हणाले, "बेन, विषय तो छपाई गयो." पत्रकं छापून झाली होती, म्हणजे आता पृथ्वीनंच तापायचं कारण बदलायला हवं होतं. वर मीच मराठीची शिक्षिका, म्हणून परीक्षकही मीच. मी म्हटलं, ठीक आहे.

जुलैत तिचा भाऊ उधन्याची खोली रिकामी करायला आला. भांडीकुंडी नातेवाइकांना गेली. त्यानं मला तिची एक साडी दिली, शाळेत नेसायची, पांढरी, निळ्या काठाची, पदराच्या टोकाला खडू पुसून पुसून कडक झालेली. मी ती घेऊन काय करणार? कपाटात ठेवणार आणि दर वेळी दार उघडलं की बघत बसणार. आवराआवरीला आलेल्या सिंधूबाईनं मात्र ती माझ्या हातातून सरळ काढून घेतली, म्हणाली, शाळेच्या गोधडीत घालू. माझा पारा चढला. मी म्हटलं, "अहो, थर वाढू नये म्हणून ती बाई जन्मभर ओरडली, आणि तिचीच साडी थर म्हणून चढवता?" सिंधूबाई शांतपणे म्हणाली, "यंदाना थर ते घालनाच पडी ना, बेन?"  यंदाही धुराडी चालूच होती. हॉलमध्ये पुन्हा सतरंज्या घातल्या, बायकांनी पुन्हा टाके मारले, आणि निळा काठ सगळ्यांत वर आला. मी एका कोपऱ्यात बसून रडून घेतलं, तेव्हा कुठे रडू आलं.

निबंध आले तेव्हा मी ते सगळे घरी आणून वाचले. गाईड, गाईड आणि गाईड. कुठे भोक, कुठे गाबडं, एकानं तर 'ओझोनला पंक्चर' लिहिलं होतं. आठवीतली वैशाली, जी गेल्या वर्षी कमलची लाडकी होती आणि वर्गात गोधडी पांघरून बसायची, तिनंही सुंदर अक्षरात भोकच लिहिलं होतं. बक्षीस समारंभात मी निकाल जाहीर केला. पहिला नंबर कुणालाच नाही, दुसरा नाही, तिसराही नाही.  मुख्याध्यापक कपाळाला हात लावून बसले. प्रमुखसाहेबांच्या हातात कप तसाच राहिला. ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. कमल माझ्या शेजारी असती तर यावेळी तिनं माझ्या पायावर पाय दिला असता का, हे मला काही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला आठवीच्या मुलींच्या तुकडीत पोरी तोंडं फुगवून बसल्या होत्या. वैशाली उठली. "बाई, आम्ही विषयाप्रमाणेच लिहिलं. मग चुकलं काय?" मी विचारलं, "तुला खरं कारण माहीत नाही का?" ती म्हणाली, "माहीत आहे ना. पण कॉम्पिटिशन होती." हे ऐकल्यावर मी खडू टेबलावर ठेवला. व्याकरण गेलं उडत. सगळ्या वर्गाला घेऊन विज्ञानाच्या खोलीत गेले आणि कपाट उघडलं. वैशालीला खुर्चीवर बसवलं, पंखा बंद केला. गोधडी बाहेर काढायला गेले तर मला एकटीला उचलेना, दोघी पोरी लागल्या. ती वैशालीच्या डोक्यावरून घातली आणि निळा काठ तिच्या कपाळावर आला. "गोधडीत विस्तव आहे का?" मी विचारलं. माझं मलाच हसू आलं, मी मराठीची बाई! पण पोरींनी एकेक उत्तर दिलं. कशानं तापली, थर कुठून आला, आत्ताच एवढ्या घाईनं का, सगळं. एकीनंही भोकाचं नाव काढलं नाही. सगळं येत होतं त्यांना! मला त्यांचा राग यावा की त्यांना जवळ घ्यावं, कळेना.

शेवटी मी कमलसारखी बाजूला सरकून उभी राहिले आणि विचारलं, "काढणार कोण?"

कुणी उठेना. मग एक जण म्हणाली, "आणताना मी उचलली, आता हिची पाळी." ती म्हणाली, "माझी का? मागच्या वर्षी दर वेळी मीच काढत होते." तिसरी म्हणाली, जिनं जास्त चिंध्या आणल्या तिनं काढावी. चौथी म्हणाली, आमच्या घरून तर एकच चिंधी आली होती. बघता बघता सगळ्या जणी उभ्या राहून एकमेकींवर ओरडायला लागल्या. मी गप्प उभी होते, हात मागे बांधून, ती राहायची तशी... आणि गोधडीच्या आतून, घामानं निथळणाऱ्या वैशालीचा आवाज आला, "अगं बायांनो, पाळी कुणाची ते मागून भांडा, आधी काढा!"